एक नाव, एक पाळी

सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट मिरकरवाडा बंदरातल्या आमच्या मच्छीमारांच्या सहकारी बर्फ कारखान्यात झाली. त्या व्यवस्थापक, मी नवा कारकून. संगणकाचा कोर्स करून आल्यामुळे माझी ऐट फार. ताईंनी विचारलं, "एका होडीला बर्फ किती लागतो, ठाऊक आहे काय रे?" मी कोर्सचं प्रमाणपत्र पुढे केलं. "मग आधी धक्क्यावर जाऊन ये."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. होड्यांच्या बर्फाच्या पाळ्या लावायला संगणक आला. प्रोग्रामचं काम सगळंच्या सगळं मुंबईच्या कंपनीवर सोपवावं, असं संचालकांचं मत. ताई अडून बसल्या. "लिहून त्यांच्याकडून घेऊ. पण मूळ प्रोग्राम आपल्या कपाटात राहील आणि आपल्या माणसाला तो वाचता येईल. भर हंगामात त्यांना कुठे शोधत फिरू?" संचालकांनी मान्य केलं, पण बजावलं, "घोळ झाला तर खुर्ची सोडावी लागेल." ताई "बरं" म्हणाल्या. तो 'आपला माणूस' म्हणजे मी होतो.

नारळी पौर्णिमा झाली आणि हंगामाच्या पहिल्याच सकाळी घोळ झाला. 'एकवीरा' नावाच्या होड्या तीन, यादीत मात्र एकच. दोन बर्फावाचून अडकल्या, त्यांच्यामागे बाकीच्या. भरतीचं पाणी उतरायच्या आत निघायला हवं होतं. "आमचा बर्फ कुणी खाल्लान?" होड्या चालवणारे तांडेल ओरडत होते. मुंबईचा फोन लागेना.

मी कपाटातला प्रोग्राम काढला. त्यात चूक नव्हतीच. कंपनीला पाठवलेल्या कागदावर मीच लिहिलं होतं, 'एक नाव, एक पाळी.' साधा 'होडी' शब्द सोडून मी ऐटीत 'नाव' लिहिलं आणि त्यांनी ते नाव-गाव-पत्त्यातलं वाचलं. ताईंनी फळ्यावर खडूने पाळ्या लिहीत तांडेलांना थोपवलं, तोवर मी नोंदणी क्रमांकावर यादी लावली. शेवटची होडी उतरत्या पाण्याबरोबरच बाहेर पडली.

संध्याकाळच्या सभेत संचालकांनी कागद नाचवला. "हे वाक्य कुणाचं?"

"खाली सही माझी आहे," ताई म्हणाल्या.

तांडेल आडवे आले म्हणून ताईंची खुर्ची वाचली. मी तोंड उघडलं नाही, नोकरी जाईल या भीतीने. नंतर ताईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. 'नाव' खोडून लाल शाईत 'होडी' लिहिलं होतं. एवढंच.

आज ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. धक्क्यावर फेरी मारण्याइतके त्यांचे गुडघे खणखणीत राहोत आणि शंभरीतही त्यांनी माझे कागद तपासावेत. त्या सभेतले जे कोणी हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगतो: ते वाक्य माझं होतं.