खंडेनवमीला बंद ठेवलेला सर्व्हर

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सणसरच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांची तोंडं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, मधे ती. फोटो कुठल्याशा लग्नातला, कुणाच्या तरी फोनवरून उचललेला. मला कुणी विचारलं नव्हतं. लावणारा तिचाच धाकटा भाऊ, पिंपळीचा. मी शिडी मागवली आणि सगळ्यांच्या देखत फ्लेक्स उतरवला. राग आला होता असंही नाही. ती गेल्यापासून आतलं काही हलतच नाही.

तेरावं झाल्यावर मुलीला म्हणालो, "तुझ्या आईचे फोटू, तिचा आवाज, समदं आपल्या घरात पायजे. कंपनीकडं न्हाय."

मुलगी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. म्हणाली, "आबा, क्लाउडवर टाकलं तर सोपं पडतं."

"ऊस कारखान्याला घालतो मी. तुझी आई न्हाय घालायची."

मी चौथी शिकलोय, पण एकदा नाही म्हटलं की नाही. शेवटी ती जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र घेऊन आली. त्याला सर्व्हर म्हणतात. देवळीशेजारच्या फळीवर ठेवून इंटरनेटची वायर जोडली. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टरवर घेतला. आईच्या फोनमधले फोटो आणि रेकॉर्ड झालेले कॉल त्यात भरून तिनं वेबसाईट केली, ती त्यातूनच चालते. बघणारा कुठंही असो, येतो आमच्याच घरात, आणि पासवर्डशिवाय उंबऱ्याच्या आत नाही. कोण आलं, काय बघितलं, याची कुठल्या कंपनीला खबर नाही. पासवर्ड कुणाला द्यायचा ते मी ठरवणार. मेहुण्यानं मागितला. दिला नाही.

मी स्वतः तिचा आवाज एकदाही लावला नव्हता. येताजाता हिरवा दिवा दिसला की बास.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं-अवजारं धुऊन मांडतात, हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी ती चालवत नाहीत. कोयता, खुरपी, नट आवळायचे पाने मांडले. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला. सर्व्हरही कामाचंच यंत्र, त्याला वेगळा न्याय कशाला? विजेची वायर ओढली, फडक्यानं पुसला, खुरप्यांशेजारी मांडला आणि पूजा केली.

दुपारी मेहुणा आला. सणाचा म्हणून आला असेल. ओसरीवर टेकतोय तोवर मुलीचा फोन. मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला.

"आबा, साईट बंद दिसतीय."

"खंडेनवमी हाय आज. त्याला इसावा."

"मी दाखवलं तसा बंद केला ना? नुसती वायर न्हाय ना ओढली?"

"वायरच ओढली."

"आबा! चालू असताना वीज तोडली की आतलं सगळं बिघडू शकतं. आईचा फोन कधीच बंद पडलाय. दुसरी कॉपी मी दिवाळीला येऊन करणार होते. आधी लावून बघा."

"पुजलेली वस्तू आज चालवायची न्हाय. उद्या बघू."

मेहुणा उठून उभा राहिला. "दाजी, आक्का हाय त्यात. तुमच्या खुरप्यांच्या रांगेत बसवलीय व्हय तिला?"

माझ्यापुढं हा माणूस कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. मी सर्व्हर उचलला. कुंकू अंगठ्याला लागलं. वायर खोचली. दिवा लागेना. मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याचा श्वास मानेला लागत होता. मग दिवा लागला. मुलगी फोनवर नुसती "थांबा, थांबा" म्हणत राहिली.

"आली, आबा. साईट आली. लावून बघा एखादं."

मी त्याच फोनवर साईट उघडून पासवर्ड घातला आणि बोट पडेल ते लावलं.

"लाईट आलीय, मोटार चालू करा. आन् येताना कोथमीर आणा. ऐकू येतंय का?" मागं कुकरची शिट्टी. एवढंच.

मेहुणा खाली बसून गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. मलाही रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्या दिवशी मी कोथिंबीर आणली होती की नव्हती, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. आठवेना.

"परत लावा की, दाजी."

मी त्याचाच फोन मागून घेतला, पासवर्ड घातला, कुठं दाबायचं ते दाखवलं.

"आता तुमच्या घरी बसून लावा," म्हणालो. "जेवून जावा."