ओळंबा आणि समुद्राची फरशी

आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो. होता फरशी बसवणारा मिस्त्री, पण कुणाचीही भिंत केसभर वाकडी दिसली तरी ह्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मी नळाची कामं करतो. त्याने चार दिवस खपून बसवलेली फरशी पाइप गळतोय म्हणून फोडायची पाळी बहुतेकदा माझ्यावरच यायची. तरी वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवलो. याला मैत्री म्हणत असतील तर म्हणा.

एकदा दातांच्या एका डॉक्टरकडे आम्ही दोघं कामाला होतो. बाहेरच्या खोलीत षटकोनी फरशी बसवायची होती. ते काम म्हणजे डोक्याला ताप. एक तुकडा सूतभर सरकला की पुढची सगळी रांग रुसते. ओळंबा दोन दिवस गुडघ्यांवर होता. तिसऱ्या दिवशी उठून कंबर सरळ करताना त्याचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. चित्रात समुद्रकिनारा होता आणि किनाऱ्यावर हजारो दगडी खांब, एकाला एक चिकटून, माथे सहा-सहा बाजूंचे.

"हे कुणी बसवलं?" त्याने विचारलं.

डॉक्टर इतका हसला की खुर्चीतला पेशंट आ वासून तसाच राहिला. "अरे बाबा, ज्वालामुखीचं काम आहे ते. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो, झाले खांब तयार. प्रसिद्ध जागा आहे, जग बघायला जातं."

"दोरी नाही, लेव्हल नाही?"

"माणूसच नाही म्हटलं ना!"

कुणी चारचौघांत कानफटात मारावी तसा त्याचा चेहरा झाला. घरी जाताना म्हणाला, "जवळून बघायला पाहिजे. सांधा लांबून कळत नाही."

मग त्याने जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे अकरा वर्षं ठरवतच राहिला. एक वही केली. खालचे खांब फक्त ओहोटीला उघडे पडतात असं कळल्यावर त्याने वहीत भरती-ओहोटीच्या वेळा उतरवायला सुरुवात केली. बस कुठे बदलायची, वाहनतळापासून खडक किती लांब, हेही लिहिलं. एक किलोमीटर, शेवटी उतार. पण कधी मोठं काम यायचं, कधी बायको आजारी, कधी मुलीचं लग्न. बेत पुढे जायचा. "काय ओळंबा, दगड पळून तर नाही ना गेले?" असं आम्ही विचारायचो. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

शेवटी गुडघे गेले. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "गादी संपली. हाडावर हाड घासतंय. कुठे जायचं राहिलं असेल तर या वर्षी जाऊन या."

मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आपण सगळेच जाऊ. गाडी करू." तारीख वहीतून निघाली, मोठ्या ओहोटीचा दिवस. त्या सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बघायला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ओळंबा बूट घालून दारात बसला होता. गाडीतून जावई उतरला. त्याने आई, वडील आणि बहीण बरोबर आणली होती. जागा एकाने कमी पडत होती.

"बाबा, तुम्ही तिथे चालणार कसे?" जावई म्हणाला.

"काठी घेतलीय."

"तुम्ही काठीने चालाल हो, पण तुमच्यामागे आम्हाला रांगावं लागेल त्याचं काय?"

विहीणबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. ओळंब्याने बायकोकडे बघितलं. ती पिशवीत चहाचा थर्मास ठेवत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, राहा की घरी. जन्मभर लोकांच्या घरचे दगडच बघितलेत तुम्ही. मला कधी कुठे नेलंत? आज मी जातेय."

त्याने वही मुलीपुढे धरली. "अकरा दहाला पाणी सगळ्यांत खाली असेल. त्याच्या आधी पोचा."

"वही कशाला? फोनमध्ये सगळं असतं," जावई म्हणाला. मुलीने वही चपलांच्या कपाटावर ठेवली आणि गाडी गेली. ओळंबा वाकून बूट सोडायला लागला. त्याला जमेना, तेव्हा मी सोडले.

दीड वाजता व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी अजून त्या नळाशीच झटत होतो. वाटेत जेवायला थांबल्यामुळे त्यांना उशीर झाला होता. "जवळ न्या, सांधा दाखवा," ओळंबा म्हणाला. पडद्यावर जावयाचा गॉगल आला. "विशेष काही नाही हो बाबा. निम्मे पाण्यातच आहेत." मागून बायकोचा आवाज आला, "ठेवा आता, बॅटरी उतरेल."

'चल, मी नेतो तुला,' असं म्हणायची ती वेळ होती. मी म्हणालो, "वॉशर गेलाय, पुन्हा यावं लागेल."

पंधरा दिवसांनी, वहीतल्या पुढच्या तारखेला, तो कुणाला न सांगता एकटाच गेला. दोन बस बदलल्या. वाहनतळापासून खडकांपर्यंत सोडणारी छोटी गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी असते, हे वहीत नव्हतं. तो चालत निघाला. अर्ध्या वाटेवर उजव्या गुडघ्याने दगा दिला. पहारेकऱ्याने आणि दोन प्रवाशांनी त्याला सामानाच्या हातगाडीवर घालून तिकीटघराशी परत आणलं. मध्ये टेकाड होतं. समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता.

त्याने मला फोन केला. मी टेम्पो घेऊन पोचलो तोवर भरती आली होती आणि फाटक बंद होत होतं. परतताना तो म्हणाला, "तिथल्या संडासात षटकोनी फरशी आहे. कुणी बसवलीय कोण जाणे. एकही सांधा जुळत नाही."

हे जावयाला मी सांगितलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. चहा पिताना सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं, एवढंच. त्याने त्याचा विनोद केला आणि वर्षभर, पाहुणा आला की ऐकवला: "आमचे सासरे समुद्राचे खडक बघायला गेले आणि संडासाची फरशी बघून आले!" ओळंबा समोर असला तर तोही हसायचा, सगळ्यांच्या मागून.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय फळीसारखा ताठ राहिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात बायकोने स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली. जावयाने नवा मिस्त्री आणला, पाइप सरकवायला मला बोलावलं. ओळंबा खुर्ची टाकून बघत बसला होता.

"पहिली रांग दारापासून धर," तो म्हणाला.

"आजोबा, पाय वर घ्या," मिस्त्री म्हणाला.

पाय वर होत नव्हता. मग मी आणि त्या मिस्त्रीने खुर्ची त्याच्यासकट उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. धूळ उडत होती म्हणून बायकोने आतून दार लावून घेतलं.