फेरतपासणीचा फोन

खात्रीबाईंचा आवाज इतका गोड होता, की चुकीचा नंबर लागला तरी समोरचा माणूस लगेच फोन ठेवत नसे. या आवाजावर त्यांचा फार जीव. थंड पाणी नाही, आंबट नाही, कुणावर ओरडणं तर नाहीच. घरी सासूबाईंशी वाद झाला तरी त्या पट्टी चढू देत नसत, त्यामुळे भांडणाला काही रंगच येत नाही, अशी सासूबाईंची जुनी तक्रार होती.

त्यांचं सर्व्हेचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. दर महिन्याला तिथून एक आकडा बाहेर पडायचा: सरकारप्रमुखांचं काम शंभरातल्या किती लोकांना पसंत आहे. तो पेपरात पहिल्या पानावर यायचा आणि त्यावर जाणकार मंडळी तासतासभर तोंडाची वाफ दवडायची. तो निघतो कसा, हे मात्र कुणी विचारत नसे. तो पायांनी निघायचा. फिरतीची माणसं साठ-साठ फॉर्मचे गठ्ठे घेऊन बाहेर पडायची, नेमून दिलेल्या गल्लीतलं नेमून दिलेलं दार वाजवायची आणि विचारायची, प्रमुखांचं काम कसं वाटतं? फार चांगलं, चांगलं, वाईट, की फार वाईट? आता ऊन असतं, कुत्री असतात, तोंडावर दार आपटणारे असतात. एखाद्याला वाटायचंच, की झाडाखाली बसून साठही फॉर्म आपणच भरून टाकावेत. असल्या लबाडांना पकडायला खात्रीबाई होत्या.

गठ्ठ्यातल्या बारा जणांची नावं, फोन नंबर आणि तारीख त्यांच्या टेबलावर यायची. उत्तरं त्यांना दाखवत नसत. त्या फोन लावायच्या आणि वरून मंजूर होऊन आलेलं वाक्य म्हणायच्या, “नमस्कार. अमुक तारखेला आमच्या माणसानं आपल्या घरी येऊन सरकारप्रमुखांबद्दल आपलं मत लिहून घेतलं. ते मत देणारे आपणच ना?” समोरून ‘हो’ आलं की रकान्यात ‘खरं’. ‘कुणी आलंच नव्हतं’ म्हटलं की ‘खोटं’. बारांत तीन खोटे निघाले, की सगळा गठ्ठा रद्द, फिरणाऱ्याला नारळ, आणि वर त्याचं नाव साऱ्या सर्व्हे ऑफिसांना कळवलं जायचं. मग त्याला या कामात कुणी दारात उभं करत नसे. फोन रेकॉर्ड व्हायचे, तेव्हा दयामाया दाखवायची सोय नव्हती. खात्रीबाईंना ती दाखवायचीही नव्हती. गेल्या वर्षभरात त्यांनी अकरा जणांना घरी पाठवलं होतं आणि प्रत्येक वेळी आपण चोख काम केलं याचं त्यांना समाधान वाटलं होतं.

बारावी पाळी आली ती भिंगरीची.

भिंगरी हे अर्थात टोपणनाव. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती बावीस वर्षं दारोदार हिंडत होती. दोघी एकाच आठवड्यात कामाला लागल्या होत्या. तेव्हा खात्रीबाईही फिरतीवर होत्या. एकदा जिन्यावरून पडून त्यांचा गुडघा गेला, तेव्हा त्यांना पाठुंगळीला घेऊन तीन मजले उतरली ती हीच. त्यानंतर खात्रीबाई खुर्चीवर आल्या आणि भिंगरी फिरत राहिली. तिची काम करायची रीत बघण्यासारखी होती. दारात गेली की तहान नसली तरी आधी पाणी मागायची. पाणी दिलं की माणूस निवांत होतो, असं तिचं शास्त्र. मग प्रश्न वाचायचा आणि गप्प बसायचं. बाकीचे घाई करतात, ‘चांगलं लिहू ना?’ म्हणून मोकळे होतात. ही पेन हातात धरून बसून राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी समोरचा बोलायचा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही.

तिच्या बारांपैकी पहिले तिघं ‘हो’ म्हणाले. चौथा म्हणाला, “कोण बाई? आमच्याकडे कुणी बाई आली नाही.” पाचवीनं नुसताच फोन ठेवला, पुन्हा लावल्यावर “राँग नंबर” म्हणाली. बारावा फोन संपला तेव्हा रकान्यात पाच वेळा ‘खोटं’ लिहिलेलं होतं. भिंगरी घरी बसून फॉर्म भरेल? सूर्य मावळायचा विसरला असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी एकवेळ विश्वास ठेवला असता. त्यांनी तो कागद साहेबांकडे न देता ड्रॉवरमध्ये ढकलला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. “काय, आज कितीजणांना खोटं पाडलंस?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. खात्रीबाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं.

“ते वाक्य म्हणून दाखव बघू,” सासूबाई म्हणाल्या.

खात्रीबाईंनी म्हणून दाखवलं. अगदी ऑफिसात म्हणतात तसं, गोड, सावकाश.

सासूबाईंचे हात थांबले. “अगं, माझी तर पाचावर धारण बसेल हे ऐकून. ती बाई आली, समोर बसली, तिचं तोंड दिसलं, तर मी बोलेन मनातलं. आणि चार दिवसांनी कुणीतरी फोनवर माझं नाव घेतं, तारीख सांगतं आणि विचारतं, बोललात ते तुम्हीच ना? मी म्हणेन, मी नव्हेच. त्या दिवशी मी घरातच नव्हते. मला मुळी मतच नाही.”

“अहो आई, पण मी किती गोड बोलते!”

“गोड बोलणाऱ्याचीच जास्त भीती वाटते, बाई. ओरडणारा निदान दमतो तरी.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खात्रीबाईंनी फॉर्मचं कपाट उघडलं. तो अधिकार त्यांना नव्हता. भिंगरीच्या गठ्ठ्यातून त्यांनी ते बारा फॉर्म काढले. ‘हो’ म्हणालेल्या सात जणांपैकी सहांना प्रमुखांचं काम चांगलं वाटत होतं. ‘नाही’ म्हणालेल्या पाचांपैकी दोघांनी ‘वाईट’ आणि तिघांनी ‘फार वाईट’ सांगितलं होतं. खाली भिंगरीच्या तिरक्या अक्षरात शेरे होते: ‘दवाखान्यात औषध नाही म्हणतात.’ ‘मुलगी शिकून घरी बसली आहे. हे सांगताना रडल्या.’

मग त्यांनी मागचे रद्द झालेले गठ्ठे काढले. एक, दोन, पाच. सगळीकडे तेच. ज्यांनी नावं ठेवली होती, तेच फोनवर उलटले होते. ज्यांनी मन लावून विचारलं, त्यांच्याच गठ्ठ्यांत नावं ठेवणारे जास्त, म्हणून तेच घरी गेले. ‘चांगलं लिहू ना?’ म्हणणारे मजेत टिकले होते. आणि आकडा वर्षभर चढत होता. प्रमुख दिवसेंदिवस लोकांचे लाडके होत चाललेत, असं सगळे म्हणत होते. खात्रीबाई कपाटापुढे जमिनीवरच बसल्या. त्या अकरा जणांत लबाड किती आणि सच्चे किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तरी त्यांना एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. संध्याकाळी त्या पाचांतल्या एकाच्या पत्त्यावर गेल्या. गल्लीच्या टोकाला शिंप्याचं दुकान होतं. शिंपीकाका चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवत होते. खात्रीबाईंनी तोंड उघडलं मात्र, आवाज ओळखून काकांच्या हातून सुई पडली.

“मी सांगितलं ना, कुणी आलं नव्हतं.”

“काका, मी लिहायला आले नाही. तिची नोकरी जातेय. ती आली होती का, एवढंच मला सांगा. कागद नाही, पेन नाही.” त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले.

काकांनी वाकून सुई उचलली. मग त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं. “तिथं बसली होती. पाऊण तास. दोनदा पाणी प्याली. कितीतरी वर्षांनी कुणाशी इतकं बोललो मी. रात्रभर बरं वाटलं. मग तुमचा फोन आला.” त्यांनी मान खाली घातली. “माझा मुलगा सरकारी खात्यात आहे. ती आलीच नव्हती असं तुम्ही लिहा. तिची माफी मागतो म्हणावं. पण तसंच लिहा.”

साहेब वाईट माणूस नव्हता. खात्रीबाईंनी सगळं समजावलं तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर उठून त्यांनी दार लावलं.

“हे तुम्ही कुठं कागदावर लिहिलंय?”

“नाही.”

“मग लिहू नका.”

“साहेब, निदान ते वाक्य तरी बदलू या. ‘आपणच ना’ काढून टाकू. तारीख काढू.”

“वाक्य वरून आलंय. बदलायचं म्हटलं तर का बदलायचं ते सांगावं लागेल. का ते कोण सांगणार? तुम्ही?” खात्रीबाईंची नजर बंद दाराकडे गेली. “मी पण नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “तिची बावीस वर्षं झालीत म्हणून एक फेरी देतो. हा गठ्ठा रद्द. पुढच्या गठ्ठ्यात एक जरी नकार आला, तर माझ्याकडे यायचं नाही.”

तपासणाऱ्यानं फिरणाऱ्याला काही सांगायचं नाही, असा नियम होता. तोही खात्रीबाईंनी मोडला. दवाखान्यामागच्या अंगणात डबा खाता खाता त्यांनी भिंगरीला सगळं सांगितलं. भिंगरीनं घास खाली ठेवला.

“पाच जण? शिंपीकाकापण?”

“ते माफी मागतात म्हणाले.”

“माफी कसली. त्यांचं बरोबरच आहे.” ती पायांकडे बघत राहिली. टाचांना भेगा पडलेल्या होत्या. “मला दुसरं काही येत नाही गं. या वयात मला कोण नवीन शिकवणार? आणि सगळीकडे नाव कळवतील, भिंगरी लबाड म्हणून. ते नाही सोसायचं मला.”

“पुढच्या फेरीत जरा सांभाळून घे,” खात्रीबाई म्हणाल्या.

“सांभाळून म्हणजे?”

खात्रीबाई डबा धुवायला उठल्या. त्या न दिलेल्या उत्तराचा अर्थ भिंगरीला नीट कळला आहे, हे त्यांना पाठमोऱ्या असूनही समजलं, आणि स्वतःची लाज वाटली.

पुढच्या महिन्यात भिंगरीचा गठ्ठा दोन दिवस लवकर आला. खात्रीबाईंनी देवाचं नाव घेऊन फोन लावायला सुरुवात केली. हो. हो. हो, आल्या होत्या. हो, मीच. अकरा जणांनी धडाधड हो म्हटलं. कुणी अडखळलं नाही, कुणी फोन आपटला नाही. एक म्हातारे तर हसून म्हणाले, “फार भली बाई. दोन मिनिटांत काम आटोपलं.” दोन मिनिटांत! खात्रीबाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. साहेब जाता जाता टेबलापाशी थांबले, रकान्यातली अकरा ‘खरं’ बघून मान डोलावून गेले.

बारावा नंबर एका इस्त्रीवालीचा होता. मागे इस्त्री टेकवल्याचा आवाज येत होता. खात्रीबाईंनी वाक्य म्हटलं.

“हो हो, आल्या होत्या की,” बाई म्हणाली. “पण मी काय म्हणते, बरं झालं तुम्ही फोन केलात. माझं म्हणणं पुरतं ऐकलंच नाही हो त्यांनी. मला पुष्कळ बोलायचं होतं. मुद्दाम नवऱ्याला बाहेर पाठवलं होतं मी. पाणी दिलं, बसा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, काही बोलू नका बाई, मी...”

टेप फिरत होती. आणखी चार शब्द, आणि भिंगरी संपली असती. खुर्चीवरच्या सतरा वर्षांत खात्रीबाईंनी समोरच्याचं बोलणं कधी मध्येच तोडलं नव्हतं.

“आल्या होत्या ना?” त्यांनी विचारलं. आवाज तोच, गोड, सावकाश. “तेवढंच सांगा.”

“अहो पण ऐका तर, मला म्हणायचंय की...”

“बाई, हो की नाही, एवढंच सांगायचं.”

पलीकडे इस्त्रीचा आवाज थांबला. मग बाई बोलली, पण आता तिचा आवाज बारीक झाला होता, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखा.

“हो. आल्या होत्या. मीच मत दिलं. प्रमुखांचं काम फार चांगलं आहे. आमच्या घरात सगळ्यांना आवडतात ते. माझ्या नवऱ्यालापण आवडतात. लिहिलंत ना तुम्ही?”

हे तर खात्रीबाईंनी विचारलंच नव्हतं.