ग्रुपवरचा विद्वान

आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. परतूरच्या शाळेत ज्यांनी कधी हात वर केला नाही, ते तिथे अणुभट्टीपासून मतदानयंत्रापर्यंत सगळ्यावर निकाल देतात. त्यातला सगळ्यात मोठा विद्वान पुण्याला इंजिनिअर आहे. माणूस चंद्रावर गेलाच नाही, हे त्याने एका सकाळी सिद्ध करून टाकलं. आधार मागितला की तो व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओतला माणूस कोण, असं विचारलं की म्हणतो, "डोळे उघड जरा."

मी परतूरलाच शाळेत विज्ञान शिकवते. चंद्रापर्यंत मी गप्प राहिले. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस शाळेतल्या मुलींना द्यायची ठरली, तेव्हा याने लिहिलं की लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही आणि हा सगळा परदेशी कंपन्यांचा डाव आहे. मग मात्र मी लिहायला बसले. लस कशी काम करते, कशासाठी देतात, सगळं सोप्या भाषेत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "दहावीला गणितात तुला माझ्यापेक्षा कमी मार्क होते." यावर बाकीच्यांनी पसंतीचे अंगठे दाखवले. माझ्या लिहिण्यालाही त्याच लोकांनी अंगठे दाखवले होते. वाचलं कुणीच नसावं, असं मी धरून चालले.

पुढे उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न परतूरला झालं. विद्वान सहकुटुंब आला होता. त्याची बायको माझ्याशेजारी बसली. साधी, बोलकी बाई. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "तुमच्या शाळेत दिली का हो ती लस? आमच्या मुलीला आम्ही मागच्याच वर्षी दिली. यांनीच डॉक्टरांकडे नंबर लावला होता."

मी उठले आणि सरळ त्याच्याकडे गेले. तो आइस्क्रीम खात होता.

"मुलीला लस दिलीस?"

"हो. का गं?"

"मग ग्रुपवर ते काय लिहिलं होतंस?"

तो हसला. "अगं, ते ग्रुपवरचं. चर्चा व्हायला पाहिजे ना. दुसरी बाजू कुणीतरी मांडायला नको का?"

आमच्या मागेच धावडा गावाला दिलेली आमची वर्गमैत्रीण उभी होती. ग्रुपवर तिने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. ती पुढे आली आणि त्याला म्हणाली, "मी तर तुझं वाचून सिस्टरला नाही म्हणून सांगितलं. माझ्या पोरीला न्हाई देऊ दिली."

त्याचा चमचा थांबला. माफी मागेल असं मला वाटलं होतं.

"मंग मला एक फोन करायचा ना," तो म्हणाला. परतूरला आला की त्याच्या तोंडी आपोआप 'मंग' येतो.

"तू इंजिनिअर. मला वाटलं, तुला बराबर माहीत असंल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

मी त्याला सांगितलं, खरं काय ते आत्ता ग्रुपवर लिही. तो गंभीर झाला. "घरच्या गोष्टी ग्रुपवर आणायच्या नसतात. माझ्या मुलीचा खासगी प्रश्न आहे तो." दुसऱ्यांच्या मुलींची गर्भाशयं चव्हाट्यावर मांडणाऱ्या माणसाला खासगीपण आठवलं ते इतकं उशिरा. मनात आलं, आपणच लिहून टाकावं. पण त्याच्या मुलीचा त्यात काय दोष? नाही लिहिलं.

धावड्याची मैत्रीण आणि मी हात धुवायच्या नळापाशी बराच वेळ बोललो. तिने मनातली खरी भीती बोलून दाखवली, मला माहीत होतं ते मी सांगितलं, आणि माहीत नव्हतं तिथे डॉक्टरांना विचार म्हटलं. ग्रुपवरच्या माझ्या एवढ्या लिहिण्याने जे झालं नव्हतं, ते तिथे झालं. जून लागल्यावर ती मुलीला घेऊन जालन्याला गेली आणि लस देऊन आली. संध्याकाळी तिचा फोन आला, "हात दुखून राह्यला म्हणते थोडा. बाकी काही न्हाई. शेजारणीच्या पोरीचं पण विचारून ठेवलंय."

विद्वानाने त्याच आठवड्यात विजेवरच्या गाड्या कशा देश बुडवणार आहेत, हे लिहिलं. सोळा जणांनी अंगठे दाखवले. त्याची स्वतःची गाडी कोणती, हे विचारायच्या फंदात मी पडले नाही.