अक्कांचं खवट तेल

चांदनी गावाहून भाच्याचा फोन आला, "मामी, अक्का गेल्या." माझ्या तोंडून आधी निघालं, "कशानं?" नव्वदीच्या बाईबद्दल असं कोणी विचारतं का... पण अक्कांच्या बाबतीत माझा पहिला शब्द नेहमी संशयाचाच.

अक्का माझी थोरली जाऊ. निजामाचं राज्य भारतात सामील झालं त्या साली, एकुलती लेक आधीच गेलेली, तिकडून विधवा होऊन आमच्याकडे बुऱ्हाणपूरला आल्या. तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या शकूच्या डोक्यात नायटा झालेला. रुपयाएवढे चट्टे, तिथले केस गळालेले, शाळेतून घरी धाडलेली. पोर जन्माची टकली राहते की काय, या धास्तीनं मला घास जात नव्हता. आणि या बाई तिला मागल्या खोलीत नेऊन काहीतरी चोळायच्या. एक दिवस मी शीशी हुंगली. खोबरेलच, पण नाक मुरडावं इतकं खवट.

"अक्का, हे तर दिव्यातही घालू नये. माझ्या पोरीच्या डोक्याला लावता?"

"दिव्याला ताजं घाल ग. नायट्याला खवटच लागतं. भरोसा नसेल तर भाकरीवर लावून बघ."

भरोसा नव्हताच. ओल्या भाकरीचे तीन तुकडे केले, एक कोरा, एकाला ताजं तेल, एकाला खवट. अक्कांनी बदलू नयेत म्हणून माझ्या पेटीत कुलपात ठेवले. पाचव्या दिवशी कोऱ्यावर हिरवी-काळी बुरशी, ताज्या तेलाच्यावर थोडी, खवटाचा स्वच्छ. तरी मी कुलूप उलटसुलट करून बघितलंच.

मग चोळू दिलं, पण दाराशी बसून. शकू बारा-तेराची होईस्तोवर केस भरून आले.

पुढे विज्ञान शिकवणारा हाच भाचा म्हणाला, "तेल खवटलं की त्यातली आम्लं सुटी होतात, ती बुरशीला वाढू देत नाहीत. पण मामी, पोर वयात आली की तिच्या डोक्याच्या तेलातही तशीच आम्लं वाढतात." झालं... म्हणजे गुण अक्कांच्या हाताचा की वयाचा? मला पुन्हा नवा संशय.

अक्कांच्या तेराव्याला शकू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, तू दाराशी बसायचीस ना, तेव्हा काकू माझ्या कानात सांगायच्या, 'बसू दे तिला. माझ्या लेकीला वैदूनं दिलं ते मी न विचारता पाजलं, आणि लेक गेली. आईनं असंच बसावं.'"

इतकी वर्षं त्यांना विचारत राहिले, तेलात काय आहे. तुमची लेक कशानं गेली, हे विचारलंच नाही.