कोलकाता किती डब्यांवर?

आमच्या आईला किलोमीटर कळत नाहीत असं नाही. ती ते मानत नाही. ती अंतर मोजते जेवणाच्या डब्यांनी. वाटेत जितक्या वेळा डबा उघडून पोळीभाजी खावी लागेल, तितके डबे. खेडचं तिचं माहेर एक डबा, नागपूरची मावशी दोन. आणि दोन डब्यांपलीकडे मुलगी पाठवायची नाही, हा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घराचा कायदा.

मला नोकरी लागली ती नेमकी कोलकात्यात.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. आकडेमोडीची संधी ते सोडत नाहीत. त्यांनी लगेच कागद ओढला. "कल्याण ते हावडा, धर तीस तास." आम्हा बदलापूरकरांचा जगातला कुठलाही लांबचा प्रवास कल्याणपासूनच सुरू होतो. घरून कल्याणला जायचा वेळ कुणी धरतच नाही.

आईनं बोटं मोजली. "तीन डबे. गाडी लेट झाली की चार. नको."

मग मी अक्कल पाजळली. "अगं, विमानानं अडीच तास! डबा लागणारच नाही."

"घर ते घर सांग. तुम्ही बापलेक नेहमी मधलंच तेवढं सांगता."

झाली का पंचाईत! विमानतळ गाठायला तीन तास, तिथे दोन तास आधी हजर, मग ते अडीच, मग बॅगेची वाट बघणं, मग तिथलं ट्रॅफिक. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचणार. म्हणजे एक डबा.

"शिळफाट्याच्या कोंडीत अडकलो तर सव्वा," बाबा म्हणाले.

आई हसली नाही. पुन्हा बोटं मोजू लागली. ही नोकरी मला फार हवी होती. एका डब्याचं अंतर कायद्यात बसत असूनही ती हो म्हणत नाही म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

"वर्षातून दोनदा येईन मी! एक जेवण बाहेर जेवले तर काय मरणार आहे का? प्रवास मला करायचाय, तुझं काय जातंय?"

"तुझ्या येण्याचं कोण मोजतंय गं?" आई म्हणाली. "मी माझ्या जाण्याचं मोजतेय. तिकडे तापानं पडलीस तर मला किती वेळ लागेल पोचायला?"

मला लाज वाटली, आणि तितकाच आनंदही झाला. ही बाई जत्रेतल्या पाळण्यात बसायला घाबरते. विमान तिनं फक्त गच्चीवरून पाहिलेलं.

तिनं पदराला हात पुसले आणि बाबांपुढे हात केला. "तुमचा मोबाइल द्या इकडे. विमानाचं तिकीट कसं काढतात ते दाखवा मला."

मी अजून कंपनीला होकारसुद्धा कळवला नव्हता.