उकंडरावांनी निंदलेला कॉम्प्युटर

उकंडराव पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा चिखलीचा अख्खा बाजार पाच मिनिटं बंद पडला होता. जानेफळहून आलेल्या त्या जीपमध्ये चोवीस माणसं, दोन कोंबड्या आणि एक कॉम्प्युटर होता. माणसं टपावर होती, पायदानावर होती, एकमेकांच्या खांद्यावर होती. आणि ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या सीटवर गोधडी पांघरून एकटा मॉनिटर बसला होता. उकंडराव स्वतः बोनेटवर बसून आले असं चहावाला आजही सांगतो. मी त्यांना उतरताना पाहिलं, त्यामुळे मला ते खोटं वाटत नाही. दुकानात आधी मिशा आल्या आणि बऱ्याच वेळानं त्यांच्यामागून उकंडराव आले. मग आवाज आला, जो त्या दिवशी खामगावातही ऐकू गेला असणार.

"डॉक्टर कोन हाये इथं? याले ताप आला!"

हे २००६ सालच्या नोव्हेंबरातलं. उकंडराव जानेफळच्या एका हायस्कुलात क्लार्क होते. सकाळी दहापर्यंत शेतकरी, साडेदहानंतर क्लार्क; पण साडेदहा वाजता बदलायचा तो फक्त सदरा. डोकं दिवसभर शेतातच असायचं. शाळेच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता, आणि त्याच कॉम्प्युटरात त्यांनी महिनाभर एका बोटानं टाइप केलेले दहावीच्या परीक्षेचे सत्तर फॉर्म होते. त्यातला एक त्यांच्या मुलीचा, कोकिळेचा. पुढच्या गुरुवारी तीन वाजेपर्यंत फॉर्म मेहकरच्या केंद्रावर पोचले नाहीत, तर सत्तर पोरांचं वर्ष जाणार होतं.

मी जुनी विंडोज पुसून तिच्या जागी लिनक्स टाकलं. फॉर्म होते तो हार्ड डिस्कचा वेगळा भाग होता, त्याला हात लावला नाही. आणि फॉर्म पटकन सापडावेत म्हणून समोर पडद्यावर एक चित्र ठेवलं. त्यावर माऊसचं बटण दाबलं की फॉर्म उघडायचे.

"याला व्हायरस होत नाही," मी म्हणालो.

"लेकराले नजर लागत नाही म्हनल्यासारखं झालं हे," उकंडराव म्हणाले. "बरं, सातबारा कोनाच्या नावावर?"

म्हणजे मुख्य पासवर्ड कोणाकडे. मी हसत हसत तो त्यांच्याच नावावर केला. त्या आठवड्यातलं माझं ते शेवटचं हसणं.

शनिवारी फोन आला. कॉम्प्युटरचा आवाज गेला होता. मी म्हटलं, आवाजावाचून काही अडत नाही. सोमवारी फोन आला, प्रिंटर ओळखेना. काल ओळखत होता, आज अनोळखी माणसाकडे पाहावं तसा गप्प. फोनवरून मी एकेक फाईल शोधायला सांगितली. उकंडराव मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं: "नाही म्हनते, भाऊ. हे बी नाही म्हनते."

नवीन कोरं लिनक्स. त्यातून रोज काहीतरी नाहीसं होत होतं. खराब सीडी एकदा दगा देते, रोज थोडा थोडा देत नाही. मला ते आवडेना.

मंगळवारी नवी सीडी घेऊन मी जानेफळला गेलो. मशीन सुरूच होत नव्हती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: फाईल सापडली नाही. शिपाई इंद्रभाननं मॉनिटरवर लिंबू-मिरची बांधली होती आणि तो दारातूनच बोलत होता.

"साहेब, हे मशीनचं काम नाही. आतून कोनीतरी खाऊन राह्यलं."

"गप बे," उकंडराव ओरडले. पण लिंबू त्यांनी काढलं नाही.

मी रॅम बदलून पाहिली. हार्ड डिस्क तपासली, ती धडधाकट. पुन्हा लिनक्स टाकलं, एकेक फाईल जागेवर असल्याची खात्री केली, सत्तरच्या सत्तर फॉर्म उघडून पाहिले. सगळं ठणठणीत. आता छपाईला बसणार तेवढ्यात लाईट गेली. ती बुधवारी सकाळी सहालाच येणार होती. मुख्याध्यापक किसनरावांकडे मी मुक्काम केला. ते जेवताना तीनदा म्हणाले, "उद्या होईल ना हो?"

बुधवारी साडेसातला शाळेत गेलो. ऑफिसात पंखा फिरत होता. कॉम्प्युटरसमोर उकंडराव मांडी घालून, शांत, एका लयीत बोट हलवत बसले होते. प्रत्येक बोटासरशी पडद्यावरून एका फाईलचं नाव जात होतं.

"उकंडराव, काय करता?"

"निंदून राह्यलो, भाऊ."

"काय निंदता?"

"तुमी पेरनी चांगली केली, पन तन किती ठेवलं! हे लिब म्हनते, ते ईटीसी म्हनते. म्या त फॉर्म पेरले. मंग हे कोनाचं? जे आपन पेरलं नाही ते तन. रोज सकाळी थोडं थोडं उपटतो, म्हनजे पिकाले जागा होते."

लिब, ईटीसी हे लिनक्सचे स्वतःचे कप्पे, आणि ते उपटायचा पासवर्ड मीच त्यांच्या नावावर केला होता. त्यांचं बोट धरून मी बाजूला केलं.

"त्यात एमएनटी नावाचा एक कप्पा होता."

"हाव. लई दाट होतं बापा त्यात. आज पयले तेच साफ केलं."

"फॉर्म त्यातच होते."

"काहीतरीच! फॉर्म हे काय समोर." त्यांनी पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारली. "याले म्या हात नाही लावला."

"ती बांधावरची पाटी आहे, उकंडराव. शेत मागं होतं."

त्यांनी चित्रावर माऊसचं बटण दाबलं. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. मग ते नुसतेच दाबत राहिले. मी डिस्क काढून सोबत आणलेल्या मशीनला लावली, गेलेल्या फायली परत आणायचा माझ्याजवळचा प्रत्येक उपाय केला. अकरा वाजता सत्तर फायलींची नावं परत आली. आत एकही अक्षर नव्हतं. नंतर काही आलं नाही.

छपाईसाठी आलेले नंबर टाकलेले सत्तर कोरे फॉर्म कपाटात होते, पोरामागं एक. जादा एकही नव्हता आणि केंद्रावर झेरॉक्स चालत नव्हती. ते हातानं भरायचे ठरलं. सगळे मिळून भरू, मी म्हणालो. किसनराव नको म्हणाले. गठ्ठ्यात दोन हस्ताक्षरं दिसली तर गठ्ठा परत येतो, असा त्यांचा पक्का समज होता. उकंडरावांचं अक्षर मोत्यासारखं. ते शाळेचं रजिस्टर घेऊन बसले. त्या मिशा दोन दिवस कागदावर वाकलेल्या होत्या आणि आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

गुरुवारी बाराला कोकिळा डबा घेऊन आली.

"बाबा, माहा झाला काय?"

"तुहा शेवटी. घरचं काम मांगून."

दीडची एसटी पकडायची होती. एक वाजता अडुसष्टावा फॉर्म, भगवानरावांच्या पोराचा, आणि त्यात जन्मतारखेच्या रकान्यात उकंडरावांच्या हातून आजची तारीख पडली. खाडाखोड चालत नव्हती. त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि त्याच पोरासाठी पुढचा कोरा कागद घेतला. उरलेल्या दोन नावांना आता एकच कागद होता. किसनराव बघत होते, मी बघत होतो, डब्याची पिशवी धरून कोकिळा बघत होती.

"उकंडराव, कोकिळेचा आधी भरा," किसनराव हळूच म्हणाले. "दुसऱ्याचं मेहकरात पाहू."

"चुकी माही, अन् दुसऱ्याच्या लेकरानं काऊन घरी बसावं?" एवढंच बोलून त्यांनी निवृत्ती पाटलांच्या मुलीचं नाव लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

कोकिळा म्हणाली, "बाबा, जेवून घ्या."

एकोणसत्तर फॉर्म वेळेत पोचले. मेहकरला जादा फॉर्म मिळाला नाही. कोकिळेनं दहावी पुढच्या वर्षी दिली. तिला त्रेपन्न टक्के मिळाले.